पळीचा दांडा

"मास्तरीणबाई, आधी मुरूम दारात पाडून घ्या, मंग काळीला कुदळ लावा. खड्डा उघडा टाकून गडी पळून जातेत, म्या पाह्यलेलं हाय."

शेजारच्या पुष्पाबाईंनी हे कंपाउंडच्या भिंतीवरून सांगितलं, तेव्हा सत्यशीला लेकीला खिमट भरवत होती. तिनं "हो हो, बघते" म्हटलं आणि बघितलं काहीच नाही. चौथी शिकलेल्या बाईनं बी. ए. झालेल्या बाईला रस्ता शिकवावा, हे तिला जरा जास्तच वाटलं. शिवाय कॉलेजात तिला भूगोल होता. काळी मृदा, तिचे गुणधर्म, ओलावा धरून ठेवण्याची तिची क्षमता, या प्रश्नाला तिला चांगले गुण पडले होते. तीच काळी मृदा आपल्या घराला चारी बाजूंनी वेढून बसलेली आहे आणि तिनं भूगोलाचं पुस्तक वाचलेलं नाही, हे मात्र फार उशिरा लक्षात आलं.

जागेची गोष्ट आधी सांगायला हवी. तालुक्याच्या गावाबाहेर, शहागड रस्त्याला, नवी वसाहत पडली होती. सत्यशीलेच्या नवऱ्यानं, तातेरावांनी, हायस्कुलातली नोकरी कायम झाल्या झाल्या तिथं प्लॉट घेतला. तो प्लॉट पळीसारखा होता. पळीची वाटी मागं, तिच्यात घर, आणि दांडा लांबलचक, पार रस्त्यापर्यंत गेलेला. दांड्याच्या एका अंगाला निवृत्त ओव्हरसियर काकासाहेबांचं घर, दुसऱ्या अंगाला काटेरी तार आणि तिच्यापलीकडं कपाशीचं रान. मागं नाला. घराबाहेर पडायचं तर दांड्यावरूनच. विकणारा म्हणाला होता, "आतल्या अंगाला हाय सर, धूळ न्हाई, गडबड न्हाई, बिलकुल शांत." शांतता खरीच होती. पावसाळ्यात तर पोस्टमनसुद्धा ती मोडायला यायचा नाही.

आणि लेक बेबीनंदा, बेबी, हिला बाळदमा होता.

हसण्यासारखं यात काही नाही, तेव्हा पटकन सांगून टाकते. छाती भरली की पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या आणि गळ्यात मांजर बसल्यासारखा आवाज यायचा. गेल्या थंडीत, अवकाळी पावसात, टांगेवाल्यानं टांगा रस्त्यावरच उभा केला होता. "चिखलात चाक रुतलं तर घोडं मरंल माझं," म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं. मग आई पोरीला शालीत गुंडाळून त्या दांड्यावरून गार वाऱ्यात निघाली, पाय काढत, पाय घालत. दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ निळे झाले होते. डॉक्टर सुई भरता भरता म्हणाले, "अहो, अशी वाऱ्यात काय आणता हिला? गाडी दारापर्यंत नाही का येत?"

डॉक्टर हे सहज बोलून गेले. सत्यशीलेनं मात्र त्या दिवसापासून मनात धरलं: पुढच्या थंडीच्या आत गाडी दारापर्यंत आली पाहिजे. कोणाची गाडी, हा प्रश्न नंतरचा.

तातेरावांनी कामाला 'ड्राइव्हवे' असं नाव दिलं. नाव दिल्यामुळं काम निम्मं झाल्यासारखं त्यांना वाटलं आणि ते हायस्कुलात सगळ्यांना सांगत सुटले. मग सल्ल्यांना सुरुवात झाली. चित्रकलेचे मास्तर म्हणाले शहाबादी फरशी टाका, दिसायला उत्तम. मुख्याध्यापकांनी वीटभट्टीची राख सुचवली, कारण त्यांच्या मेव्हण्याची वीटभट्टी होती. सर्वांत सविस्तर सल्ला अर्थातच काकासाहेबांचा. ते आपल्या ओसरीवर उभे राहून, काठीनं हवेत नकाशा काढून सांगायचे: खाली सोलिंग, म्हणजे डबराच्या मोठ्या दगडांचा थर, त्यावर खडी, त्यावर मुरूम, मग पाणी, मग रोलर, कडेला सिमेंटची बांधणी. बोलणं गोड. सत्यशीला चहा विचारायची, आणि काकासाहेबांचा त्या दिवशी नेमका उपास असायचा. संकष्टीला असायचा, एकादशीला असायचा, सोमवारी, गुरुवारी, शनिवारी असायचा. एकदा बुधवारी विचारलं तर म्हणाले, डॉक्टरांनी चहाच बंद केलाय. दोन वर्षं शेजारी राहून त्या सज्जन माणसाला तिच्या घरी एक कप चहा पिण्याइतकी फुरसत परमेश्वरानं दिली नव्हती.

वसाहतीत बौद्धांचं हे एकच घर. कोणी कधी वावगं बोललं नव्हतं, आणि बोलायला निमित्त मिळू नये म्हणून सत्यशीला डोळ्यांत तेल घालून असायची. कपडे पुढच्या बाजूला वाळत घालायचे नाहीत. रेडिओ हळू. पोरगी रडली की आधी खिडकी लावायची, मग पोरीला घ्यायचं.

पुष्पाबाई ही काकासाहेबांच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको. त्या घरातलं मागचं सगळं त्यांच्याकडं: स्वयंपाकघर, मोरी, परसातली भिंत. बेबीचा खोकला ऐकू आला की त्या अडुळशाची पानं आणून भिंतीवर ठेवायच्या. हातात नाही, भिंतीवर. सत्यशीला ती भिंतीवरून उचलायची. दोघींपैकी कोणी याबद्दल कधी काही म्हटलं नाही. पानांचा गुण मात्र यायचा.

सिमेंटला तेव्हा परमिट लागायचं. कचेरीत आणीबाणीमुळं कारकून जागेवर होता, ही मोठीच सुधारणा. पूर्वी नुसती खुर्ची असायची. आता खुर्चीही होती, कारकूनही होता, फक्त सिमेंट नव्हतं.

"काम कशाचं?"

"ड्राइव्हवे," तातेराव म्हणाले.

"म्हंजी?"

"गाडीची वाट. फाटकापासून दारापर्यंत."

"कोणती गाडी हाय तुमच्याकडं?"

तातेरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. लिंबाला त्यांची सायकल टेकवलेली होती. कारकुनानंही पाहिलं. रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं.

"सायकलला काँक्रीट पाह्यजे?"

"आमची गाडी नाही," सत्यशीला पुढं झाली. "टांगा येईल. मुलीला दमा आहे, तिला न्यायला."

"ताई, घर, विहीर, संडास, एवढ्यालाच सिमेंट हाय. दम्याला पाह्यजे तर डॉक्टरची चिठ्ठी आणा."

रांग हसली. सत्यशीलेला वाटलं, माणूस निदान नियम तरी सांगतोय. ती खरोखरच डॉक्टरांकडं गेली. डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि खोकल्याचं औषध लिहून दिलं.

सिमेंटचं नाव सोडून शेवटी मुरुमावर आलं. पुंजाराम मुकादम बोलावला. तो सत्यशीलेकडं न बघता तातेरावांशी बोलायचा. तातेराव उत्तरासाठी सत्यशीलेकडं बघायचे. आणि तिचं उत्तर पुंजारामाला तातेरावांच्या तोंडून पोचायचं. न्यायालयात दुभाषी असतो, तसं काम चाललं. त्यानं आणलेले मुरुमाचे दोन नमुने सत्यशीलेनं दोन वाट्यांत रात्रभर भिजत घातले, हरभऱ्यासारखे. सकाळी एकाचा गाळ झाला होता, दुसरा खडखडीत. "हा," ती म्हणाली. पुंजारामानं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं.

"सर, काळी म्हंजी लई बेइमान," तो पुन्हा तातेरावांना म्हणाला. "उन्हाळ्यात फाटती, पावसाळ्यात फुगती. मांडीएवढी काढून टाकावी लागंल, पुऱ्या दांड्याची. मुरूम उद्या आणून टाकू का?"

"कुठं टाकणार?" सत्यशीलेनं विचारलं.

"रस्त्यावर. दुसरी जागा कुठंय?"

सत्यशीलेला पुष्पाबाईंचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण रस्त्यावर ढीग म्हणजे काकासाहेबांच्या फाटकासमोर ढीग. येणाजाणारा विचारणार, हे कोणाचं? आणि लोक सांगणार, कोणाचं ते. दोन वर्षं जपलेलं सगळं एका ट्रकभर मुरुमाखाली जाणार. ढीग कोणाचाही असता तर तो ढीगच राहिला असता. हिच्या दारचा ढीग हे हिच्या लोकांचं वळण ठरलं असतं. "आधी खोदा," ती म्हणाली. "मुरूम आला की सरळ खड्ड्यातच पडला पाहिजे. रस्त्यावर एक पाटीसुद्धा नको."

"बराबर," पुंजाराम म्हणाला. असले लोक बराबर म्हणतात, तेव्हा बराबर नसतं.

भादव्यात चांगली उघडीप होती. गड्यांनी झपाट्यानं काळी काढली आणि कपाशीवाल्याच्या परवानगीनं त्याच्या रानात फेकली. फाटकापासून पायरीपर्यंत दांड्याच्या पुऱ्या रुंदीचा चर झाला. ये-जा करायला वरून फळ्या टाकल्या. पुंजाराम म्हणाला, उद्या ट्रक लावतो.

त्या दुपारी तातेरावांना माणुसकीचा झटका आला.

त्या साली मास्तरांच्या मागं नसबंदीच्या केसेस लावून दिल्या होत्या. केस आणा, नाहीतर पगार थांबेल. तातेरावांनी एकही केस आणलेली नव्हती. जो माणूस भाजीवालीकडं मूठभर कोथिंबीर वर मागू शकत नाही, तो दुसऱ्या पुरुषाला काय मागणार? पण गडी उन्हात राबतायत, त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, म्हणून ते चहाची किटली घेऊन चराच्या काठावर बसले.

"लेकरं किती तुम्हाला?" त्यांनी एकाला विचारलं.

"चार, सर."

"वा! मग भरलं की घर."

तेवढ्यात हायस्कुलाचा शिपाई सायकलवरून आला आणि रस्त्यावरूनच ओरडला, "सर, हेडमास्तर विचारून राह्यले, केसचं काय झालं? जीप उद्या सकाळी येनाराय म्हनं!"

चरातल्या माणसांनी वर काठावर बसलेल्या मास्तराकडं पाहिलं. हातातल्या चहाकडं पाहिलं. मग आपण उभे आहोत त्या खोल खड्ड्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. टिकाव राहिले, घमेली राहिली, एकाची चप्पलही राहिली. दोन दिवसांनी पुंजाराम आला, तो तारेपलीकडं, पळायला जागा ठेवून उभा राहिला.

"सर, गडी यायचे न्हाईत आता. म्हनतेत, मास्तरनं माणसं धरायलाच खड्डा करून घेतला."

"अहो, मी सहज विचारलं!"

"तेच म्हनतेत. सहज विचारतेत आन् जीपमधी घालतेत. मी पण जातो सर. मला पाच हायेत."

दुसरे मुकादम शोधले. शाळेचं नाव ऐकताच ते गावाला जायचे. खेड्याहून माणसं आणावीत तर गावोगाव बातमी पोचलेली. अंतरवालीच्या चहाच्या टपरीवर तातेरावांनी रोजंदारीची चौकशी केली तर बाकडं रिकामं झालं आणि टपरीवाल्यानं पैसे आधी मागितले. मुरूम आणणारा ट्रकवाला एकटा धीट निघाला, पण तो म्हणाला, उतरवायला गडी द्या. सत्यशीलेला वाटलं, चौथी शिकलेली बाई भिंतीवरून आता काहीतरी बोलेल. पुष्पाबाईंनी फक्त विचारलं, "पोरीचं कसं हाय?"

मग परतीचा पाऊस आला. दोन दिवस, दोन रात्री, थांबणं नाही. कपाशीच्या रानातून, काकासाहेबांच्या पन्हाळीतून, जिथून मिळेल तिथून पाणी आलं आणि चरात बसलं. ओलावा धरून ठेवण्याची क्षमता! फळ्या तरंगत रस्त्याकडं गेल्या. मागं नाला दुथडी, रानात गुडघाभर गाळ. पळीची वाटी तीन बाजूंनी पाण्यात, चौथीला काकासाहेबांची भिंत, आणि वाटीत तीन माणसं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेबीची छाती वाजायला लागली. औषध दिलं, वाफ दिली. पोरगी रडायची थांबली, तेव्हा सत्यशीला घाबरली. रडायलासुद्धा श्वास लागतो.

"मी टांगा आणतो," म्हणून तातेराव छत्री उघडून चरात उतरले. मध्यापर्यंत गेले आणि थांबले. त्यांचा एक पाय गेला, मग तो काढायला रेटलेला दुसरा गेला, आणि ते कमरेपर्यंत काळीत रुतून राहिले. छत्री तशीच सरळ डोक्यावर. एरवी सत्यशीला हसून लोळली असती. ते दृश्य तिला अजूनही आठवतं आणि हसू येत नाही. "काठी टाक! दोरी टाक!" ते ओरडत होते. तिच्या खांद्यावर पोरीच्या गळ्याची खळगी आत जात होती, बाहेर येत होती, आत जात होती.

"मास्तरीणबाई!"

पुष्पाबाई भिंतीशी उभ्या होत्या, डोक्यावर पोतं घेऊन.

"पोरगी द्या इकडं."

सत्यशीला अंगणातला चिखल तुडवत भिंतीपाशी गेली आणि सवयीनं थबकली. पोरीला भिंतीवर ठेवायचं की काय, असा वेडा विचार तिच्या मनात आला.

"द्या म्हनते ना! जल्दी करा!" पुष्पाबाईंनी दोन्ही हात पुढं केले आणि बेबीला तिच्या खांद्यावरून उचलून आपल्या छातीशी घेतलं. "तुम्ही पण या. त्या दगडावर पाय द्या. या, या, पडत न्हाई."

भिंतीपलीकडं परस, परसातून मागचं दार, मागच्या दारातून स्वयंपाकघर. सत्यशीलेचे पाय गुडघ्यापर्यंत काळे. सारवलेल्या भुईवर तिचे ठसे उमटत चालले होते. चुलीवर भाकर होती, तव्यातच करपत होती. उजवीकडं देव्हारा, समई तेवत होती. "मी चप्पल..." ती म्हणाली. पायात चप्पल नव्हतीच.

"चला हो!" पुष्पाबाई पोरीला घेऊन पुढं, ती मागं. माजघर, मग ओसरी. ओसरीवर झोपाळ्यावर काकासाहेब बसले होते.

ते उठून उभे राहिले. पुष्पाबाईंच्या छातीशी धरलेल्या पोरीकडं त्यांनी पाहिलं, सत्यशीलेच्या पायांकडं पाहिलं, आणि ती आली त्या बाजूला, घराच्या आत, पाहिलं. मग म्हणाले, "अरेरे. फार आहे का? न्या, न्या, लवकर न्या." गड्याला हाक मारून त्यांनी स्वतः टांगा बोलावून आणवला, आणि तातेरावांकडं दोर टाकायला माणूस पाठवला. आवाज एकदाही चढला नाही.

बेबी वाचली. आठवडाभर दवाखान्यात ठेवलं.

घरी परत आले तर दांड्यावर माणसं काम करत होती. बरीच माणसं. पाणी उपसलेलं, डबर अर्ध्यापर्यंत बसवलेला, रस्त्यावर, काकासाहेबांच्या फाटकासमोरच, मुरुमाचा ढीग. तातेराव बघतच राहिले. ओसरीवरून काकासाहेब काठी उंचावून म्हणाले, "म्हटलं, तुमचे हाल बघवत नाहीत. माझे जुने गडी आहेत, ओळखीचे. सिमेंटचीही चार पोती मिळाली. पुन्हा अशी वेळ यायला नको."

"काय माणूस आहे!" तातेराव सत्यशीलेला म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "शेजार असावा तर असा."

सत्यशीला सोलिंगकडं बघत होती. डबराच्या दगडांत अधूनमधून विटा होत्या, काजळीनं काळ्याभोर झालेल्या, एका अंगानं भाजलेल्या, काहींना मातीचं सारवण अजून चिकटलेलं. गडी त्या काकासाहेबांच्या परसातून घमेल्यानं आणत होता.

"हे कशाचं?" तिनं विचारलं.

"जुन्या चुलीचं हाय ताई. सायबांनी चूल पाडली, नवी घालून राह्यले. सगळं सयपाकघर धुवून काढलंय. म्हनले, भराव वाया कशाला घालवायचा, टाका त्येंच्या रस्त्यात."

ती भिंतीकडं गेली. भिंतीवर दोन थर नवे चढले होते, वर सिमेंट, सिमेंटात बाटल्यांच्या काचा. सिमेंटची पोती कुठं लागली ते कळलं. पलीकडून भांड्यांचा आवाज नव्हता.

"पुष्पाबाई दिसत नाहीत," तिनं संध्याकाळी काकासाहेबांना विचारलं, जमेल तितक्या सहज.

"तिला पाठवली गावी. पिंपळगाव रेणुकाईला, आमच्या चुलत्यांकडं. देवीची सेवा होईल, हवापालटही होईल." ते हसले. "आता इथं काय काम तिला?"

"कधी येतील?"

"बघू," काकासाहेब म्हणाले, आणि तिनं काही विचारण्याआधीच म्हणाले, "आज उपास आहे."

रस्ता झाला. दगडासारखा झाला. रोलर फिरला, पाणी मारलं, कडा बांधल्या. थंडीत बेबीला दोनदा उठवून न्यावं लागलं, आणि दोन्ही वेळा टांगा थेट पायरीशी आला. घोड्याच्या टापा त्या दांड्यावर खणखण वाजतात. तातेराव आल्यागेल्याला ड्राइव्हवे दाखवतात. सत्यशीला त्याच्यावरून चालताना पाय जरा कडेनं टाकते. का, ते तिनं नवऱ्याला सांगितलेलं नाही.

ती स्वतः पिंपळगावला जाऊन आली असती. एकदा एस.टी.त बसलीही, आणि गाडी सुटायच्या आत उतरली. ती तिथं दिसली, तर पुष्पाबाईंवर आणखी काय काय धुऊन काढायची पाळी येईल, कोणी सांगावं.

म्हणून तुम्हालाच सांगणं आहे. तुमच्यापैकी कोणी देवीच्या दर्शनाला पिंपळगाव रेणुकाईला जाणार असाल, तर एवढं करा. काकासाहेबांच्या चुलत्यांचं घर विचारा, कोणीही दाखवेल. पण ओसरीवर चौकशी करू नका. तिथं तुम्हाला गूळपाणी देतील आणि ती मजेत आहे म्हणून सांगतील. घराला वळसा घालून मागच्या अंगाला जा. चाळिशीची, ठेंगणी, कपाळ मोकळं असलेली बाई. जेवते का बघा. अंगावर लुगडं धड आहे का बघा. बोलू देतात का बघा. आणि आजूबाजूला कोणी नसेल, तर फक्त म्हणा, पोरगी बरी आहे.